आडवी बाटली आणि गोलातल्या खुर्च्या

मावळात दारूविषयी दोन बाजूंनी बोललं जातं, आणि त्या दोन बाजूंची माणसं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. एक बाजू बायकांची. दुकान बंद करा, भट्टी फोडा, ग्रामसभेत ठराव घ्या. दुसरी बाजू थोड्या पुरुषांची. हे स्वतः पीत होते, आता पीत नाहीत, आणि आठवड्यातून दोन-तीनदा लोकल पकडून कुठल्याशा शाळेच्या वर्गात तास-दीड तास बसून परत येतात. इथे ही दोन्ही माणसं मी एका ओसरीवर बसवली आहेत. ती कुणी एक व्यक्ती नव्हेत, पण त्यांच्या तोंडचं बोलणं वडगाव, कामशेत, मळवलीच्या घरांत रोज चालतं. नात्यानं ती भावजय आणि दीर. वहिनींचे यजमान दारूनं गेले. गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून सह्या गोळा करणाऱ्या बायकांत वहिनी पुढे होत्या. भावजी त्या यजमानांचे धाकटे भाऊ. तेही पीत, पण काही वर्षांपूर्वी सुटली. आता वहिनींचा थोरला मुलगा रोज पितो. त्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, सभेला न्यावं असं भावजी म्हणाले आणि तिथून सुरुवात झाली.

वहिनी : आजार म्हणे! भावजी, आजारी माणूस अंथरुणाला खिळतो, घरचे त्याच्या उशाशी बसतात. आमच्याकडचा आजारी रात्री दाराला लाथ घालायचा, आणि मी पोरांना घेऊन अंगणात बसायचे. फीचे पैसे पिठाच्या डब्यात लपवले तर डबा उपडा व्हायचा. असला कसला आजार, ज्याचा त्रास आजाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांना?

भावजी : त्रास त्यालाही असतो, पण ते आत्ता राहू द्या. तुम्ही सांगताय ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझ्या घरात मी तेच केलंय. आजार म्हटल्यानं केलेलं पुसलं जात नाही. उलट आजार म्हटला की उपचार घ्यायची जबाबदारी अंगावर येते. 'मी वाईटच आहे' असं म्हणत मी वर्षानुवर्षं प्यालो. ते म्हणणं सोयीचं होतं. वाईट माणसाकडून कुणी कसली अपेक्षाच ठेवत नाही.

वहिनी : बोलायला चांगलं शिकलात. माझं म्हणणं साधं आहे. दुकानच नसेल तर पिणार कुठून? गोल करून बसून, रडून, एकमेकांना कहाण्या सांगून काय होणार आहे? आम्ही बायका दारोदार फिरलो सह्यांसाठी. कुणाचा नवरा अंगावर धावून आला, कुणाच्या सासूनं दार लावून घेतलं. तरी फिरलो.

वहिनी कशाविषयी बोलत आहेत ते आधी सांगतो. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिलांनी मागणी केली तर परवानाधारक दारू दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला मतदानाला आलेल्यांचं बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. लग्न होऊन सासरी गेलेली, कामासाठी पिंपरीला खोली घेऊन राहणारी, वारलेली पण यादीत राहून गेलेली, अशी प्रत्येक बाई नकळत उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. आमदार निवडून द्यायला अशी अट नाही, मग दारूचं दुकान उठवायलाच ती का असावी? मला ही अट अन्यायाची वाटते. एवढं सगळं असूनही महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी बायकांनी बाटली आडवी करून दाखवली आहे.

भावजी : तुमच्या फिरण्याला मी नावं ठेवत नाही. पण २०१७ आठवतं का? सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दुकानं बंद झाली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला बारची शटर खाली आली होती. मी तेव्हा पीत होतो. एक दिवस नागा पडला नाही, वहिनी. आतल्या गल्लीत जादा पैशानं मिळायची. पुढे नगरपालिकांच्या हद्दीला सूट मिळाली आणि शटर पुन्हा वर गेली.

वहिनी : तुम्ही मुरलेले. तुम्हाला पाताळातूनही मिळाली असती. मी पोरांचं बोलतेय. शाळेच्या वाटेवर दुकान नसलं तर दहावीतल्या पोराच्या हाती पहिली बाटली यायला दोन वर्षं उशीर होईल. ती दोन वर्षं मला पाहिजेत.

या मुद्द्यावर मी वहिनींच्या बाजूचा आहे. दारू जितकी जवळ आणि जितकी स्वस्त, तितके नवे पिणारे जास्त. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला सरकारनं उठवली. बंदी फसते, चोरटी दारू येते, हे सगळं खरं. पण 'बंदी फसते म्हणून दुकान असू द्या' असं म्हणणाऱ्यांनी रात्री पोरांना घेऊन अंगणात बसलेल्या बाईला ते समोर बसून सांगावं. भावजींनाही हे पटलं. मात्र त्यांनी प्रश्न दुसरीकडून विचारला.

भावजी : दोन वर्षं तुम्हाला मिळोत. पण आपल्या पोराचं काय? तो पाहुण्यांच्या तंबूंवर काम करतो, तिथे कुठलं दुकान आहे सांगा बरं.

वहिनी : तिथे दुकान कशाला पाहिजे? शुक्रवारी-शनिवारी गाड्या येतात मुंबईहून, पुण्याहून. डिकीतच सगळं असतं. रात्रभर गाणी, शेकोटी. 'दादा, एक घे ना आमच्याबरोबर' म्हणतात. नाही म्हटलं तर पाहुणा नाराज होतो आणि मालक ओरडतो. रविवारी दुपारी ते निघून गेले की तंबू आवरायचे. प्रत्येक तंबूत चार बोटं, सहा बोटं उरलेली बाटली. फेकून द्या म्हणतात, पण एवढी महागाची दारू कोण फेकतं? सगळी एका बाटलीत ओततात आणि सोमवार-मंगळवार त्यावरच जातो. बुधवारी खिशातले पैसे काढायचे. शुक्रवारी पुन्हा गाड्या.

भावजी : म्हणजे तुमची आडवी बाटली तिथे पोचत नाही.

वहिनी : नाही पोचत.

हे मावळाचं वेगळं दुखणं आहे. द्रुतगती मार्ग झाला, जमिनींना भाव आला, भातखाचरांच्या जागी बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले. ज्यांनी जमीन विकली त्यांच्यातल्या काहींच्या हातात एकदम पैसा आला. ज्यांच्याकडे विकायला उरलं नाही त्यांची पोरं त्याच बंगल्यांवर राखणदार, आचारी, ड्रायव्हर झाली. पावसाळ्यात भुशी धरण, टायगर पॉइंट, पवना, लोहगड इथे इतकी गर्दी होते की जिल्हाधिकाऱ्यांना मनाईचे आदेश काढावे लागतात, आणि उघड्यावर दारू पिण्याला, बाळगण्याला त्यात बंदी असते. तो आदेश पाहुण्यांच्या जिवासाठी. पाहुण्यांना चहा देणाऱ्या, त्यांचं उरलंसुरलं आवरणाऱ्या पोरासाठी असा कुठला कागद निघत नाही.

वहिनी : मी हातावर हात धरून बसले नव्हते. चैत्रात त्याला एकवीरेच्या पायरीवर उभं करून शपथ घातली. त्यानंही मनापासून घेतली, खोटं नाही बोलणार. पहिल्या दिवशी ठीक होता. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की बशीतला चहा अंगावर. घाम, उलट्या. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून चादर झटकत बसला. दारात कोण उभंय, त्याला आत घेऊ नका म्हणून मला ओढत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं आहे. लिंबू उतरवला, अंगारा लावला. चौथ्या दिवशी त्याच्या मित्रानं चपटी आणून दिली आणि घटकाभरात पोरगा शांत झोपला. आता सांगा, मी कशावर विश्वास ठेवायचा? देवीवर की चपटीवर?

भावजी : देवीचा काही दोष नाही आणि त्याचाही नाही. त्याला त्या तीन दिवसांत दवाखान्यात असायला हवं होतं.

वहिनींनी सांगितलेलं मावळातच काय, महाराष्ट्रात कुठेही घडतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की काही तासांत कंप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास होतात, माणूस भ्रमात जातो, ताप आणि नाडी वाढते. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचाराविना त्यात जीवही जाऊ शकतो. भूतबाधा समजून खोलीत कोंडलेली किती माणसं अशी गेली असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. उपचार मात्र अवघड नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस शामक औषध, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाणी आणि खाणं. म्हणून मुरलेल्या पिणाऱ्याला घरात बसवून शपथेवर दारू तोडू नये. आधी डॉक्टर, मग सभा. एएची सभा म्हणजे दवाखाना नव्हे, आणि तिथली माणसंही तसा दावा करत नाहीत.

वहिनी : बरं, दवाखान्यात नेला, औषध दिलं, अंगातून उतरली. मग झालं की. पुढे सभा कशाला?

भावजी : अंगातून उतरायला आठवडा पुरतो. शुक्रवारी गाड्या परत येतात, त्याचं काय? मी तीनदा सोडली होती, वहिनी, आणि तिन्ही वेळा एकट्यानं. सोडली की घरात सगळे माझ्याकडे बघत बसायचे. बायको वास घ्यायची, आई खिसे चाचपायची. कुणाशी बोलू? न पिणाऱ्याला सांगितलं की मला आत्ता प्यावीशी वाटतेय, तर तो म्हणणार, 'मन घट्ट कर.' पिणाऱ्याला सांगितलं तर तो ग्लास भरणार. ज्याला प्यावीशी वाटली आणि तरी आज प्याला नाही, असा माणूस मला गावात भेटत नव्हता. तो मला सभेत भेटला.

वहिनी : आणि त्याच्यापुढे घरचं सगळं उघडं करायचं? कामशेतच्या बाजारात उद्या लोक बोट दाखवतील.

भावजी : म्हणूनच सुरुवातीला मी कामशेतला लोकल पकडून चिंचवडच्या बाजूला जायचो. तिथे मला कोण ओळखणार? संध्याकाळी शाळा सुटल्यावरचा वर्ग. फळ्यावर सकाळचं गणित तसंच. बाकं बाजूला सारून प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. एका टेबलावर निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, शेजारी चहाची किटली. एक जण सभा चालवतो, पण तो काही मोठा माणूस नसतो. पुढच्या वेळी दुसराच असतो. ज्याला बोलायचं तो नुसतं नाव सांगतो, आडनाव नाही, आणि म्हणतो, मी मद्यपी आहे. मग बोलतो. कुणी मध्ये तोंड घालत नाही, कुणी सल्ला देत नाही. घरी मला सगळे सल्ले द्यायचे. इथे पहिल्यांदा कुणीतरी नुसतं ऐकून घेतलं. शेवटी पिशवी फिरते, खोलीच्या भाड्याला आणि चहाला. टाकायचे तर टाका. नवख्याला तर नकोच म्हणतात. आणि पहिल्याच दिवशी सांगतात, इथे ऐकलेलं इथेच ठेवून जा.

वहिनी : आणि कुणी बाहेर बोललाच तर?

भावजी : बोलू शकतो. माणसंच आहेत. पण गोलात बसलेल्या प्रत्येकाचं सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याचं उघडं करणाऱ्याला आपलंही झाकून ठेवता येत नाही.

या सभांची सुरुवात ज्या प्रसंगातून झाली तो ऐकण्यासारखा आहे. १९३५ चा मे महिना, अमेरिकेतलं अॅक्रन गाव. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस बिल विल्सन तिथे कामासाठी आला होता. काही महिन्यांपासून दारू सुटलेली, आणि काम फसलेलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. त्यानं फोन उचलला आणि चर्चमधल्या लोकांना विचारत सुटला, या गावात कुणी दारूत बुडालेला माणूस आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथशी गाठ पडली. डॉक्टरांनी पंधराच मिनिटं देईन म्हणून बजावलं होतं, पण दोघं रात्री उशिरापर्यंत बसले. १० जून १९३५ हा डॉक्टर बॉब यांचा शेवटच्या घोटाचा दिवस, आणि तोच एएचा स्थापनादिन मानला जातो. बिल फोनकडे गेला तो परोपकार करायला नव्हे, आपली सुटलेली दारू सुटलेलीच राहावी म्हणून. मला यातलं हे महत्त्वाचं वाटतं. न पिणाऱ्यानं पिणाऱ्याला उपदेश करायचा ही पद्धत आपल्याकडे शतकानुशतकं चालत आली आहे. इथे दोघांनाही एकमेकांची सारखीच गरज आहे. भारतात एएच्या सभा १९५७ पासून भरतात.

वहिनी : हे सगळं गोऱ्यांचं. आपल्याकडे माळ आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर सप्ताहाला गेला, गळ्यात माळ घातली, सुटली. अशी घरं मी तुम्हाला दाखवते.

भावजी : दाखवायला नकोत, मला माहीत आहेत. माळेनं सुटलेली माणसं आहेत आणि त्यांची सुटलेली टिकलीही आहे. कुणाची टिकली ते बघा. जो माळ घालून दर एकादशीला देहूला गेला, हरिपाठाला रोज बसला, दिंडीत चालला, त्याची. भोवती सारखी माणसं होती. ज्यानं माळ घातली आणि घरी येऊन एकटा बसला, त्यानं ती आषाढ उलटायच्या आत खुंटीला टांगली. सभेतही देवाचं नाव घेतात. कुणाचा देव कुठला, हे विचारत नाहीत. माझा विठोबा मी तिथे घेऊनच जातो.

वहिनी : आणि तिथे किती जणांची सुटते?

भावजी : सगळ्यांची नाही. माझ्याबरोबर आलेले कितीतरी परत गेले. काही पुन्हा आले. काही गेलेच.

भावजींनी खोटी आशा दाखवली नाही हे बरं झालं. आकडेही तेच सांगतात. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून जास्त माणसांचा आढावा प्रसिद्ध केला. माणसाला पद्धतशीरपणे एएच्या सभांकडे नेणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षानंतर शंभरातले साधारण ४२ जण पूर्ण कोरडे होते. इतर उपचार घेतलेल्यांत ३५. म्हणजे सभा उपयोगी पडते, आणि तरीही निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात केव्हा तरी घसरतात. आपल्याकडची अडचण मात्र त्याच्याही आधी सुरू होते. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं आढळलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी फक्त एकाला कुठल्या तरी प्रकारचे उपचार मिळतात. बाकीचे ३७ जण शपथ, लिंबू आणि चपटी यांतच फिरत राहतात.

इतका वेळ दोघांचा आवाज सारखा होता. पुढचं वहिनी हळू बोलल्या.

वहिनी : एक विचारू? एवढं चांगलं आहे तर यांना का नाही नेलंत?

भावजी : दादा गेले तेव्हा मीच पीत होतो, वहिनी. त्यांच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर मी पिऊन उभा होतो. तुम्हाला कळलं होतं.

वहिनी : सगळ्यांना कळलं होतं.

भावजी : त्यानंतर वर्षभरानं येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल झालो. तिथून बाहेर पडलो तेव्हा सांगितलं होतं, आता बाहेरचा समूह धर, नाहीतर परत येशील. म्हणून सभेला गेलो.

वहिनी : आणि मग माझ्या दारात भाताचे पैसे घेऊन आलात.

भावजी : बारा पायऱ्या आहेत त्यांच्या. आठवीत, ज्यांचं ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची. नववीत, जमेल तिथे प्रत्यक्ष जाऊन भरपाई करायची, भरपाईनं त्यांना आणखी त्रास होणार नसेल तर. तुमच्या कणगीतला इंद्रायणी भात मी पोत्यानं नेऊन विकला होता. ते नाव यादीत वरच होतं.

वहिनी : पैसे घेतले मी. घरात लागत होते. पण त्या वर्षी पोरांनी रेशनच्या तांदळावर काढलं, आणि धाकटी आजारी पडली. ते वर्ष तुमच्या नवव्या पायरीत बसतं का?

भावजी : नाही बसत.

वहिनी : मग मला माफ करायला सांगू नका.

भावजी : सांगितलं नाही मी. मागितलंही नाही.

मुक्तांगण हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे कार्यकर्ते म्हणून नव्यांना सांभाळतात, आणि घरी गेलेल्या माणसाचा पाठपुरावा हा उपचारांचाच भाग मानला जातो. 'आजार म्हटलं की पुरुष सुटला' असं वहिनींना वाटतं, आणि त्या भीतीला आधार आहे. व्यसनाला आजार ठरवून बायकोनं सोसलेल्या माराविषयी गप्प बसणारा समाज आपण पाहतो. पण भरपाई ज्याच्या कामाच्या यादीत लिहिलेली आहे, त्या वाटेवर हा आरोप सरसकट करता येत नाही. भरपाई केली तरी माफी देणं न देणं हे ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात राहतं, आणि भावजींना ते कळलेलं आहे.

भावजी : अजून एक आहे. तुम्ही रागावणार. पोरगा येवो न येवो, तुम्ही चला.

वहिनी : मी? मी कशाला? मी थेंब तरी घेतलाय का आयुष्यात? प्यायचं तुम्ही, आणि सभेला बसायचं मी? उद्या म्हणाल, माझ्यामुळेच पितो तो.

भावजी : ती वेगळी सभा आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांची. अल-अनॉन म्हणतात. बिल विल्सनची बायको लोइस, तिनं १९५१ मध्ये सुरू केली. नवरे सभेत बसायचे आणि बायका बाहेर. त्या आपापसात बोलायला लागल्या, त्यातून झाली. मुक्तांगणमध्ये बायकांचा 'सहचरी' नावाचा गट आहे. तिथे कुणी तुमच्यावर दोष टाकणार नाही. उलट सांगतील की तुम्ही लावली नाही, तुमच्यानं सुटायची नाही, आणि राखण करायचं काम तुमचं नाही. तुम्ही रात्री त्याची गाडी वाजेपर्यंत जाग्या असता. मालकाला फोन करून 'ताप आलाय त्याला' म्हणून सांगता. त्याची उधारी तुम्ही फेडता.

वहिनी : नाही फेडली तर मारतील त्याला.

भावजी : फेडता म्हणून त्याला उधारी मिळते.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं त्यात मला तडजोड दिसली नाही, निर्णय दिसला.

वहिनी : ऐका. दुकानाचा अर्ज मी मागे घेणार नाही. पुढच्या ग्रामसभेत तुम्ही आमच्या बाजूनं उभं राहायचं, सगळ्यांसमोर. सभेतली माणसं राजकारणात पडत नाहीत वगैरे मला सांगू नका.

भावजी : एए पडत नाही. तिच्या नावानं मी काही बोलणार नाही. पण मी गावचा माणूस आहे, दादांचा भाऊ आहे. उभा राहीन.

वहिनी : दुसरं. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं. ती तिसरी रात्र मला पुन्हा बघायची नाही.

भावजी : बुधवारी नेऊ. गाड्या नसतात त्या दिवशी.

वहिनी : आणि त्या बायकांच्या सभेला मी एकदा येईन. बोलणार नाही. बसेन.

भावजी : तेवढं पुरे आहे.

भावजी आणि वहिनी यांच्यापैकी एकालाच बरोबर ठरवावं असं मला वाटत नाही. दुकान उठवण्याचं काम गावाचं आणि सरकारचं आहे. ते आज पिणाऱ्याच्या खांद्यावर टाकून गाव मोकळं होऊ शकत नाही. पण गावानं बाटली आडवी केली तरी, जो माणूस आत्ताच तीत आहे त्याला शुक्रवारची संध्याकाळ काढायला दुसरा माणूस लागतो, आणि तो माणूस त्याची आई किंवा बायको असू नये. तिच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलेलं असतं.

मावळातल्या वाचकांसाठी थोडं कामाचं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एएचे समूह आहेत आणि लोणावळा लोकलच्या मार्गावरून तिथे पोचता येतं. सभेचे वार आणि जागा बदलतात, म्हणून आधी फोन करून, मगच निघावं. 'ओपन' सभेला घरच्यांनाही बसता येतं. 'क्लोज्ड' सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. पिणाऱ्या बाईलाही ही दारं तितकीच उघडी आहेत, आणि मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. सभेला फी नाही, अर्ज नाही, ओळखपत्र मागत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट आहे. आणि ज्यांच्या घरात पिणारा यायला तयार नाही, त्यांनी त्याच्या तयारीची वाट बघत थांबू नये. घरच्यांच्या सभेला त्याच्याशिवाय जाता येतं.